सगळ्यांची चित्रं एकाच हातची दिसतात, मग शिकवायचं कसं?

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून एका चित्रकला शिक्षिकेचं पत्र आलंय. चार पानी आहे, त्यामुळे गाभा तेवढा सांगतो. या ताई जी. डी. आर्ट, म्हणजे कलेची सरकारी पदविका, झाल्या आहेत आणि घराच्या माडीवर क्लास घेतात. सकाळी एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांची शाळकरी पोरं, संध्याकाळी दहावी-बारावी झालेल्यांची एक लहान बॅच. या बॅचला पुढे कलेतच जायचंय. मध्यंतरी ताईंनी मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन मांडलं. पालक खूश झाले. एक वयस्कर चित्रकार मात्र सगळं हिंडून बघून जाता जाता म्हणाले, "चित्रं चांगली आहेत, पण सगळी एकाच हातची वाटतात." ते ताईंच्या मनाला लागलं. त्या लिहितात, "दर रविवारी मी पंचगंगा घाटावर मुलांना प्रात्यक्षिक दाखवते. मग मुलं काढतात. कुठे अडलं की मी कागद घेऊन दुरुस्त करून देते. माझ्या सरांनी मला असंच शिकवलं. मग माझं चुकतंय कुठे?"

पत्रात आणखी दोन अडचणी आहेत. बॅचमधला एक मुलगा मोबाइलवरच्या फोटोवरून पेन्सिलने हुबेहूब चेहरे काढतो. त्याला ऑर्डरी मिळू लागल्यात, त्यामुळे घाटावर बसायची त्याची तयारी नाही. वडील क्लासवर येऊन म्हणाले, "मॅडम, पोरगं कमवायला लागलंय. आता त्याला नदीवर कशाला बसवताय?" आणि तिसरं असं की, इंटरमिजिएटच्या मुलांना ए ग्रेड मिळावी म्हणून चित्रं पाठ करून घ्यावी लागतात. ते ताईंना पटत नाही, पण बंद केलं तर क्लास रिकामा होईल अशी भीती आहे.

ताई,

त्या वयस्कर चित्रकारांचं म्हणणं खरं असेल, पण त्यानं एवढं खचून जाऊ नका. अठरा वर्षांच्या पोराचा हात शिकवणाऱ्यासारखा वळतोच. प्रत्येकाच्या उमेदवारीत असा काळ येतो, तुमच्याही आला असेल. मला काळजी वेगळ्या गोष्टीची वाटते. तुम्ही शेजारी नसताना त्या पोराला आपलं चित्र कुठे फसलंय ते कळतं का? कळत असेल तर आज ना उद्या त्याचा हात स्वतःची वाट धरेल. कळत नसेल तर पाच वर्षांनीही तो कागदाची गुंडाळी घेऊन तुमच्याच जिन्यात उभा असेल, "मॅडम, जरा बघता का?" म्हणत.

तुमचं पत्र मी याच एका प्रश्नाशी ताडून वाचलं.

घाटावरचा रविवार घ्या. तुम्ही दीपमाळ समोर धरून बसता. आभाळाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, मग पलीकडच्या काठाची झाडं, देवळाच्या सावलीच्या बाजूला अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना तपकिरी मिसळून केलेला करडा, शेवटी पायऱ्यांखालचा गडद. तासाभरात चित्र उभं राहतं, मुलं टाळ्या वाजवतात आणि आपापले बोर्ड उघडतात. या तासात मुलांनी काय बघितलं? तुमचा ब्रश बघितला. कुठला रंग कशात मिसळला ते बघितलं. म्हणून मग ऊन कोवळं असो की आभाळ भरून आलेलं असो, सगळ्यांच्या कागदावर सावली एकाच करड्या-जांभळ्या रंगाची येते. समोरची सावली कुणी बघितलेलीच नसते.

प्रात्यक्षिक बंद करा असं मी म्हणणार नाही. कोल्हापुरात तर नाहीच. इथे रंगबहार या संस्थेची 'मैफल रंगसुरांची' भरते तेव्हा टाऊन हॉलच्या बागेत गाणं चालू असतं आणि झाडाखाली कुणी पोर्ट्रेट करत असतं, कुणी मातीत काम करत असतं. त्या गर्दीत उभं राहून बघण्यातही शिक्षण आहेच. तुम्ही फक्त क्रम उलटा करा. आधी मुलांना बसवा. त्यांना तासभर झुंजू द्या, आभाळ चिखलासारखं होऊ द्या, पायऱ्या वाकड्या जाऊ द्या. मग तुम्ही बसा. जो स्वतः पायऱ्यांवर अडकलाय तो तुमच्या पायऱ्यांकडे वेगळ्याच नजरेने बघतो, कारण त्याच्याकडे आता एक नेमका प्रश्न असतो.

आणि बसल्यावर बोला. आपल्याकडे चांगले चांगले चित्रकार प्रात्यक्षिक देताना मौनात जातात. मग मुलांना वाटतं की हे सगळं हातात आपोआप उतरतं. रंग लावायच्या आधी विचारा, "ही भिंत आभाळापेक्षा गडद आहे की उजळ?" निम्मी मुलं चुकीचं सांगतील. देऊळ दगडाचं, म्हणजे काळं, असं डोक्यात बसलेलं असतं. सकाळच्या उन्हात तोच दगड पाण्यापेक्षा उजळ दिसतो हे डोळे बारीक करून बघितल्याशिवाय पटत नाही. "पलीकडच्या काठावरची ती पांढरी गाडी मी सोडतेय, कारण नजर तिकडेच पळेल," हेही मोठ्याने सांगा. काय वगळलं ते मुलांना चित्रात कधीच दिसणार नाही, ते तुमच्या तोंडूनच कळायला हवं. एखाद्या रविवारी चित्र अर्ध्यावर सोडून उठा. पुरं झालेलं चित्र हातात पडलं की मुलं त्याची नक्कल करतात. अर्धं राहिलं तर पुढे काय करावं यावर आपसात भांडतात, आणि ते भांडण कामाचं असतं.

दुसरी गोष्ट जरा कडक आहे. मुलाच्या कागदावर हात चालवायचा नाही.

एक मुलगी कोळशाने समोर बसलेल्या माणसाचा चेहरा काढतेय असं समजा. तिने काढलेले डोळे वर सरकलेत, कपाळ आखूड झालंय. शिकाऊ हाताची ही नेहमीची चूक. डोळे, नाक, तोंड महत्त्वाचं वाटतं म्हणून त्यांना जागा मिळते. कपाळात आणि टाळूत बघण्यासारखं काही नाही, म्हणून तो भाग चेपला जातो. तुम्ही कोळसा हातात घेऊन दोन मिनिटांत डोळे खाली आणून द्याल. ती "हां मॅडम" म्हणेल आणि पुढच्या चेहऱ्यात डोळे पुन्हा वर जातील. त्याऐवजी तिला उठवा. हात ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिल उभी धरून समोरच्या माणसाचं माप घ्यायला लावा: टाळूपासून डोळ्यांपर्यंत किती, डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत किती. दोन्ही जवळपास सारखीच निघतात, हे तिचं तिला सापडू द्या. मग तेच माप तिच्या कागदावर घ्यायला सांगा. बहुतेक ती स्वतःच हसेल. तुम्ही काही न बोलता दुसऱ्या मुलाकडे जा. खोडायचं काम ती करेल. दोन मिनिटांच्या जागी अर्धा तास जाईल, तो जाऊ द्या.

कोनांची गडबड असेल तर एका दोऱ्याला नट बांधून ओळंबा करून द्या. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून दोरा सोडला तर खाली नाकपुडीच्या कुठल्या बाजूला येतो, ओठाच्या कुठे येतो, ते बघायचं. तुमच्या बॅचमध्ये गवंड्याच्या किंवा सुताराच्या घरचं पोर असेल तर ते हे तुमच्याआधी समजेल आणि बाकीच्यांना शिकवेल. काढूनच दाखवायची वेळ आली तर समासात लहानसं काढा किंवा चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर काढा. तो कागद उचलला की खाली मुलाचं चित्र होतं तसं, त्याच्या चुकांसकट, त्याचंच राहिलं पाहिजे.

पालकांना हे आवडणार नाही. भिंतीवरची चित्रं वर्षभर तरी आजच्यापेक्षा कच्ची दिसतील. ते सोसायची तयारी ठेवा, कारण तुमच्या त्या प्रदर्शनात जी सफाई होती तिचा बराचसा भाग तुमच्याच हाताचा असणार.

तिसरं, आठवड्यातून एकदा सगळी चित्रं भिंतीला टेकवून ओळीने मांडा आणि सगळ्यांनी मागे सरून उभं राहा. पहिल्यांदा बोलायचं ते ज्याचं चित्र आहे त्याने. त्याला काय करायचं होतं आणि कुठपर्यंत जमलं, एवढंच. मग इतरांनी. शिक्षकाने शेवटी, आणि मुलांनी सगळं सांगून झालं असेल तर बोलूच नये. "छान आहे" म्हणायला बंदी. म्हणायचंच असेल तर कुठे छान आहे त्या जागेवर बोट ठेवायचं. सुरुवातीला कोणी तोंड उघडणार नाही. आपल्याकडे मोठ्यांसमोर बोलायची सवय नसते आणि मित्राच्या चित्राला नावं कशी ठेवायची हा संकोच असतो. अशा वेळी चित्र उलटं टेकवा किंवा आरशात दाखवा. ओळखीचा विषय नजरेआड झाला की तोल कुठे ढळलाय ते लाजरं पोरसुद्धा सांगतं.

"माझ्या सरांनी मला असंच शिकवलं" हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. तुमच्या सरांबद्दल मला आदरच आहे. पण कोल्हापूरच्या गुरुपरंपरेचं नाव घेऊन आपण कधीकधी नक्कल खपवतो. ती परंपरा नीट बघा. बाबूराव पेंटर कुठल्या आर्ट स्कूलमध्ये गेले नाहीत. वडील कृष्णराव मिस्त्रींच्या हाताखाली आणि नात्यातले बंधू आनंदराव यांच्यासोबत ते शिकले. नाटकाचे पडदे रंगवले, मूर्ती केल्या, सिनेमाचा कॅमेरा स्वतः खटपट करून बनवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल, शांताराम तयार झाले. तिथे पोरगा आज पडदा रंगवायचा, उद्या सेट उभा करायचा, परवा कॅमेऱ्यामागे उभा राहायचा. ही मंडळी बाहेर पडली आणि १९२९ साली त्यांनी इथेच कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. बाबूरावांना त्या वेळी काय वाटलं असेल ते वाटलं असेल, पण शिक्षक म्हणून मी हा त्यांचा मोठा निकाल मानतो. त्यांच्या हाताखालची माणसं त्यांना सोडून गेली आणि स्वतःच्या पायावर उभी राहिली.

म्हणजे नक्कल करायचीच नाही का? करायची. फक्त तुमची नको, आणि ती उघडपणे नक्कल म्हणून करायची. टाऊन हॉलच्या संग्रहालयात कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांची चित्रं आहेत. मुलांना घेऊन जा, आणि तिथल्या लोकांना आधी विचारून पेन्सिल-वही काढू द्या. चित्र जसंच्या तसं उतरवायचं नाही. गडद, मधला, उजळ असे तीनच टोन धरून हाताच्या पंजाएवढ्या चौकटीत त्याची मांडणी उतरवायची. अर्ध्या तासात मुलांना कळतं की आपण ज्याला नुसता देखावा समजत होतो त्यात उजेडाची जागा किती मोजून ठेवलेली आहे. मग तिथून थेट कोटितीर्थ तळ्यावर न्या. आबालाल त्याच परिसरात राहिले आणि तोच परिसर पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. शाहू महाराज गेल्यावर त्या दुःखात त्यांनी आपली चित्रं कोटितीर्थात सोडली, असं जुने लोक सांगतात. मुलांना ही गोष्ट फार आवडते. सांगा, पण त्याआधी एकाच जागेवर सकाळी आणि संध्याकाळी बसवून दोन चित्रं करून घ्या, नाहीतर गोष्ट लक्षात राहते आणि तळं राहून जातं.

राजारामपुरीत सातव्या गल्लीजवळ चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे. महाराष्ट्राने त्यांना नट म्हणून डोक्यावर घेतलं, पण त्यांची पावडर शेडिंगमधली निसर्गचित्रं बघितली की रेषेशिवाय नुसत्या छटांवर चित्र कसं उभं राहतं ते मुलांना समोर दिसतं. तुमच्या त्या फोटोवाल्या मुलाला तिथे नक्की न्या. त्याची ताकद छटांचीच आहे.

आता त्याच्याकडेच येतो, कारण सगळ्या पत्रात मला त्याचीच काळजी जास्त वाटली.

फोटोवरून काढणं हा गुन्हा नाही. पोरगं दिवसचे दिवस बसून केस न् केस काढतंय, एवढी चिकाटी सगळ्यांकडे नसते. त्याला "ही कला नव्हे" असं अजिबात म्हणू नका. तो तुम्हाला सोडून जाईल, ऑर्डरी सोडणार नाही. त्याला त्याच्याच धंद्यात जिथे अडणार आहे तिथे गाठा.

आज त्याच्याकडे मित्रमैत्रिणींचे चांगल्या कॅमेऱ्यातले फोटो येतात. उद्या येणारी ऑर्डर कशी असते ते त्याला सांगा. एक काका येतात आणि खिशातून आईचं आधार कार्ड काढतात. त्यावर अंगठ्याच्या नखाएवढा, पांढराफटक पडलेला चेहरा. "आई गेली. दुसरा फोटो नाही. वर्षश्राद्धाला लावायचाय. जरा हसरी करा. आणि अंगावर पैठणी दाखवा, तिची फार इच्छा होती." किंवा लग्नाच्या ग्रुप फोटोतल्या तिसऱ्या रांगेत, फेट्यामागे अर्धे झाकलेले आजोबा असतात आणि घरच्यांना ते एकटे, खुर्चीत बसलेले हवे असतात. कोल्हापुरात पोर्ट्रेट करणाऱ्या कुणालाही विचारा, अशी कामं सारखी येतात.

इथे फोटो उपयोगाला येत नाही. गालाचं हाड कुठे वळतं, हसल्यावर डोळ्याखालचा मांसल भाग कसा वर चढतो, म्हातारपणी ओठ आत का जातात, पदर खांद्यावरून कोपरापर्यंत कुठे ताणतो आणि कुठे सैल पडतो, हे ज्याने जिवंत माणसासमोर बसून बघितलंय तोच ते काम करतो. बाकीचे काका निघून गेल्यावर आधार कार्डाकडे बघत बसतात.

शिवाय मोबाइल काही तटस्थ नसतो, हेही त्याला दाखवून द्या. हातभर अंतरावरून घेतलेल्या सेल्फीत नाक मोठं होतं आणि कान मागे पळतात. कॅमेरा सावल्या आपोआप उजळतो, त्यामुळे चेहऱ्याची गोलाई सपाट होते. त्याला एकाच माणसाचा तुमच्या खिडकीजवळ फोटो काढायला सांगा आणि त्याच माणसाला त्याच खिडकीशी बसवून चित्रही काढायला सांगा. मग दोन्ही शेजारी ठेवून विचारा, "कुठे काय वेगळं आहे?" त्याची नजर बारीक आहे. तुम्ही बोट दाखवायच्या आधी तो दहा फरक काढेल.

नदीवर यायला नाही म्हणतोय तर गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर न्या. संध्याकाळी म्हशी उभ्या असतात, लोक ताजं दूध घ्यायला येतात. म्हशीसारखं मॉडेल नाही: अंग जागचं हलत नाही आणि मान, कान, शेपूट एका जागी ठरत नाही. पाच मिनिटांत एक, असं स्केचबुक भरायचं. खोडरबर घरी ठेवायचं. पावसाळ्यात घाट पाण्याखाली जातो तेव्हा एसटी स्टँड आहे, कपिलतीर्थ मंडई आहे, रविवारचा लक्ष्मीपुरीचा बाजार आहे. त्याला पहिल्या दिवशी एक चित्र धड जमणार नाही, आणि इतकी सफाई असलेल्या पोराला ते फार झोंबेल. त्या दिवशी त्याच्याजवळ बसून राहा. कौतुकही करू नका. गरम दुधाचा एक पेला पाजा आणि दुसऱ्या दिवशी परत न्या.

इंटरमिजिएटचं मला थोडक्यात सांगायचंय. ए ग्रेडला दहावीत ७ गुण मिळतात, बी ला ५, सी ला ३. पालक त्यासाठी पैसे मोजतात, त्यांना दोष देऊ नका. पण स्मरणचित्राला पाठमोरी, छत्री घेतलेली एक बाई सगळ्या क्लासच्या सगळ्या मुलांच्या कागदावर चालत असते. बाजार असो, बस स्टॉप असो की पावसाळा, बाई तीच. ती बाई पाठ करून घ्यायला जेवढे तास लागतात तेवढ्याच तासांत मुलं खऱ्या मंडईत जाऊन भाजीवालीच्या पाटीचं, तराजूचं, बसलेल्या माणसाच्या गुडघ्यांचं रेखाटन करू शकतात. परीक्षेत तेच आठवून काढायचं. स्मरणचित्र म्हणायचं तर आधी काही बघितलेलं पाहिजे ना! वस्तुचित्र आणि संकल्पचित्राचा सराव वेळ लावून घ्यायलाच लागतो, तो घ्या. माझ्या अनुभवात असं शिकलेल्या मुलांचे ग्रेड खाली येत नाहीत. क्लास रिकामा होईल ही भीती मला फारशी खरी वाटत नाही.

राहिले वडील. त्यांच्या प्रश्नाला "कलेची किंमत पैशात करू नका" असलं उत्तर देऊ नका. तो गृहस्थ रास्त विचारतोय. आपण मुलांना पाच-पाच वर्षं रंग कसा लावायचा ते शिकवतो आणि बिल कसं करायचं ते एकदाही शिकवत नाही. मग पोरगं आठ दिवस राबून केलेलं चित्र "तुम्हीच काय ते द्या" म्हणून देऊन टाकतं. तालमीत वस्ताद डावाबरोबर खुराकाचंही बघतो, आपण तेवढंही करत नाही.

संध्याकाळच्या बॅचसाठी महिन्यातला एक दिवस या कामाचा ठेवा. कागद, रंग, फ्रेम, येण्याजाण्याचा खर्च आणि लागलेले तास मांडून दर काढायचा. निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय कामाला हात घालायचा नाही, चुलत मामाचं काम असलं तरी. किती वेळा बदल करून देणार ते आधी बोलायचं, नाहीतर पैठणीचा रंग चार वेळा बदलतो. चित्राचा फोटो उन्हात न ठेवता सारख्या उजेडात, सरळ समोरून काढायचा. मापं, माध्यम, वर्ष मागे लिहून ठेवायचं. चित्राभोवतीचा पुठ्ठ्याचा माउंट कापायला प्रत्येकाला आलं पाहिजे. शाहू स्मारकाच्या कलादालनात प्रदर्शन लावायचं तर तारीख कशी घ्यायची, कोणाला निमंत्रण द्यायचं, चित्रं किती उंचीवर टांगायची, हे सगळं मुलांनीच करायचं आणि तुम्ही फक्त बघायचं. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीला अर्ज केला तर नंबर लागायला वर्षं जातात, हेही आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे कोणी त्याच्यावर सगळा डाव लावून बसणार नाही.

आणि फक्त पोर्ट्रेट म्हणजेच काम, असं मुलांना वाटू देऊ नका. गणपतीच्या आधीचे दोन-तीन महिने शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत किंवा बापट कॅम्पात एखाद्या मूर्तिकाराकडे हाताखाली पाठवा. सुरुवातीला घासकाम आणि अस्तर, मग रंगकाम. डोळ्यांच्या आखणीला कोणी लगेच हात लावू देणार नाही, पण ती रेघ एका दमात कशी मारतात ते बघायला मिळेल. नाटकाचा पडदा, मंडळाचा देखावा, पुतळ्यांचे कारखाने, शाळांच्या भिंती, मालिकांचे सेट: या गावात हाताला काम आहे. शाळेतल्या कलाशिक्षकाच्या जागा मात्र फार निघत नाहीत, त्यामुळे ए. टी. डी., म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, केली की नोकरी नक्की, असं कुणी घरी सांगत असेल तर त्यांना वस्तुस्थिती सांगा.

वडिलांना एकदा क्लासवर बोलवून मुलाच्या मागच्या चार-पाच ऑर्डरींचा हिशेब त्याच्याकडूनच मांडून घ्या. लागलेले तास धरले तर ताशी काय पडलं ते दोघांनाही दिसेल. बहुतेक आकडा बघून दोघेही गप्प होतील. मग सांगा की फोटोची हुबेहूब नक्कल करणारे आता पुष्कळ झालेत, म्हणून दर एवढाच राहतो. आधार कार्डावरच्या चेहऱ्यातून माणूस उभा करणारे थोडे आहेत आणि त्यांना दर सांगता येतो. दूध कट्ट्यावरचे रविवार त्यासाठी आहेत. सहा महिन्यांची मुदत मागून घ्या. तोवर ऑर्डरी चालू राहू देत, फक्त रविवार सोडून.